'लग्न' या शब्दाची हकीकत



लग्न म्हणजे काय, हे सांगायला पंडित लागत नाही. मांडव, अक्षता, वाजंत्री, जेवणावळी. लहान पोरही सांगेल. पण 'अमक्याचे लग्न झाले होते की नव्हते?' असा तंटा उभा राहिला, की भल्याभल्यांची पंचाईत होते. कारण त्या एका शब्दावर बाईची पोटगी, वारसाहक्क आणि घराची अब्रू टांगलेली असते. शब्दांचे अर्थ तर काळाबरोबर बदलतात. मग शब्द बदलला म्हणून लग्नाची व्याख्या बदलावी, की जुना अर्थ तोच खरा म्हणून धरून बसावे?

प्रथम शब्दच पाहू. 'विवाह' यात 'वह्' हा धातू आहे. वाहून नेणे हा त्याचा अर्थ. मुलीला बापाच्या घरून नवऱ्याच्या घरी नेणे, तो विवाह. 'लग्न' म्हणजे लागलेले, चिकटलेले. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला लागलेल्या राशीला लग्न म्हणतात. त्यावरून शुभ वेळ, वेळेवरून विधी आणि विधीवरून नवराबायकोचे नाते, असा हा शब्द सरकत आला. मूळ अर्थच खरा धरायचा, तर लग्न म्हणजे पंचांगातली एक वेळ, एवढेच हाती उरेल! मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहाचे आठ प्रकार आहेत. मुलीच्या माणसांना मारून तिला रडत-ओरडत पळवून नेणे, हा राक्षस विवाह. झोपेत वा गुंगीत असलेल्या मुलीवर अत्याचार करणे, हा पैशाच विवाह. स्मृतिकार पैशाचाला अधम म्हणतो खरा, पण मोजतो तो विवाहातच. आज आपण त्याला गुन्हा म्हणतो. म्हणजे केवळ जुना आहे म्हणून शब्दाचा अर्थ प्रमाण मानता येत नाही.

आता आपल्या खेड्यापाड्यांतले शब्द घ्या. पुष्कळ जातींत विधवेला किंवा काडीमोड घेतलेल्या बाईला पुन्हा संसार मांडता येत असे. पण त्याला लग्न म्हणत नसत. 'पाट' म्हणत, कुठे 'मोहतूर' म्हणत. संसार तोच, कष्ट तेच, मुलेबाळे तशीच. तरी पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईचा मान नसे. मंगलकार्यात तिला मागे सारत. म्हणजे निराळा शब्द हा तिच्या कपाळी लावलेला एक शिक्काच होता. आज त्याच गोष्टीला आपण सरळ 'दुसरं लग्न' म्हणतो. शब्द आपोआप नाही बदलला बरं का. आधी माणसांची नजर बदलली, कायदा बदलला, मग शब्द बदलला.

पांढरपेशा जातींत मात्र विधवेला पाटही नव्हता. तिथे केवढा वाद माजला! पाराशरस्मृतीत एक श्लोक आहे. नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, षंढ निघाला किंवा पतित झाला, तर या पाच संकटांत स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे. बंगालचे ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी १८५५ साली हाच आधार पुढे केला. विरोधकांनी बोट ठेवले ते एका शब्दावर. श्लोकात 'पतौ' आहे. व्याकरणाप्रमाणे 'पत्यौ' हवे. तेव्हा हा शब्द मुळी 'अपतौ' आहे, संधीत 'अ' लोपला आहे, आणि त्याचा अर्थ नवरा नव्हे, तर नुसता वाङ्निश्चय झालेला मुलगा! विचार करा. दहा-बारा वर्षांच्या विधवा मुलींचा जन्म एका न दिसणाऱ्या 'अ'वर लटकला होता. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर याच प्रश्नावर मोठा शास्त्रार्थ झाला. सुधारकांच्या बाजूला विष्णुशास्त्री पंडित होते. निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. पण विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. तो व्याकरणाच्या निकालासाठी थांबला नाही.

पुढे रखमाबाईंचा खटला गाजला. अकराव्या वर्षी झालेले लग्न त्यांनी मोठेपणी नाकारले. आपली संमती नव्हती, हे त्यांचे म्हणणे. १८८५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण १८८७ साली कोर्टाने नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असे सांगितले. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. तेव्हाच्या मराठीत 'लग्न' शब्दात मुलीची संमती बसत नव्हती. ती बसवायला १८९१ चा संमतिवयाचा कायदा, १९२९ चा सारडा कायदा, १९५५ चा हिंदू विवाह कायदा अशा पायऱ्या चढाव्या लागल्या. मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस व्हायला १९७८ साल उजाडले.

आता दुसरी बाजू. 'लोक म्हणतात ते लग्न' एवढ्यावर तरी भागते का? १९६५ साली महाराष्ट्रातला एक खटला सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. पहिली बायको हयात असताना एकाने दुसरा घरोबा केला होता. खालच्या कोर्टांनी त्याला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र कायद्यातल्या 'सॉलेमनाइज्ड' या इंग्रजी शब्दासाठी शब्दकोश उघडला. योग्य विधींसह झालेले, असा अर्थ निघाला. होम आणि सप्तपदी झाली नव्हती, त्याऐवजी चालणारी रूढीही सिद्ध झाली नाही. म्हणून ते दुसरे लग्न लग्नच ठरले नाही, आणि आरोपी सुटला. पहिलीला न्याय मिळाला नाही, दुसरीला पत्नीपद मिळाले नाही. शब्दाचा अर्थ चोख निघाला. पण दोन बायकांचे काय झाले?

अगदी अलीकडे, २०२३ साली, समलिंगी जोडप्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात आपल्याला जागा मागितली. तो कायदा नवा अर्थ लावून बदलणे आपल्याला शक्य नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि प्रश्न संसदेकडे सोपवला. तिथेही लोक 'विवाह' शब्दाचा मूळ अर्थ काय, यावर हमरीतुमरीवर आले. वर पाहिलेला इतिहास ध्यानात ठेवला, तर त्या वादाने फारसे साधणार नाही हे कळेल.

माझे मत असे. शब्दाचा अर्थ ही साक्ष आहे. समाज काल काय मानत होता, आज काय मानू लागला आहे, हे ती सांगते. साक्ष जरूर ऐकावी, पण निकाल तिच्या हाती देऊ नये. व्याख्या ठरवताना विचारायचे प्रश्न निराळे आहेत: दोघांची राजीखुशी आहे का? दोघांचे वय झाले आहे का? उद्या भांडण झाले तर दुबळ्याला आधार कोणाचा? या प्रश्नांची उत्तरे उघडपणे, चर्चा करून, कायद्यात लिहावी लागतात. ती शब्दकोशात सापडत नाहीत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. पाट, मोहतूर, काडीमोड, घरोबा हे शब्द मुलांना घरच्या आजीला विचारून यायला सांगा, आणि त्या शब्दांत बाईचे स्थान काय होते, हेही विचारायला सांगा. आणि गावात लग्न ठरले, की मांडव पडण्याआधी नोंदणीचा कागद कुठे आणि कसा करायचा, याची चौकशी ज्याने त्याने करून ठेवावी.