शाळेसमोरचा तीन खणांचा गाळा

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असे संपादक मंडळाने कळवले. शिक्षकांवर, स्नेहसंमेलनावर आणि छड्यांवर इतर मंडळी लिहितीलच. मी शाळेच्या फाटकासमोरच्या गाळ्याविषयी लिहितो. बार्शीत शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी तिथे कधी ना कधी पैसे मोजले आहेत, नाहीतर उधारी तरी ठेवली आहे. आपल्या १९७५ च्या तुकडीला ते वह्या-पुस्तकांचे दुकान म्हणून आठवते. आपल्या थोरल्या भावंडांसाठी ते सोनाराचे दुकान होते, नव्वदच्या दशकातल्या मुलांसाठी एसटीडी आणि त्यानंतरच्यांसाठी मोबाइलवाला. गाळा मात्र तोच. आता तो पाडून तिथे नवी इमारत व्हायची आहे. म्हणून त्याची हकिगत एकदा कागदावर असावी, असे वाटले.

प्रथम नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा काढला. त्यात नव्या धारकाच्या नावाआधी ‘धा’, पट्टेदाराच्या नावाआधी ‘प’ आणि बोजा असेल तर ‘भा’ असे एकेक अक्षर असते. आपल्या गाळ्याच्या पत्रिकेवर एकापाठोपाठ एक धारक आहेत : आधी एक अडत्या, मग एक सावकार, मग एक शेठ आणि शेवटी शेठांचे वारस. एका पानात सगळे आटोपते. ज्यांनी रोज सकाळी दाराच्या फळ्या काढून दुकान उघडले, त्यांतले एकही नाव त्या पानावर नाही. महिन्याच्या भाडेकरूची तिथे नोंदच होत नाही. माझ्या वडिलांचेही नाव तिथे नाही.

गाळा बांधला तो अडतीसाठी. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, बैलगाडीने जाणारा माल अडीच फुटी रुळांवरून जाऊ लागला. निजामाच्या मुलखाची हद्द जवळच. तिकडून कापूस, करडई, जवस घेऊन गाड्या बार्शीच्या पेठेत उतरत. त्या भरभराटीत काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांब, वर पांढऱ्या मातीचे माळवद आणि पुढे रुंद ओटा असा हा तीन खणांचा गाळा उभा राहिला. ओट्यावर माल ओतायचा आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा. शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव शेवटी कळत असे.

१९११ मध्ये हीच रेल्वे लातूरपर्यंत गेली. मग तिकडचा माल बार्शीत उतरवण्याची गरज उरली नाही. पुढे १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. पत्रिकेवर आधी ‘भा’ आले आणि काही वर्षांनी त्याच सावकाराच्या नावाआधी ‘धा’ लागले. दोन अक्षरांत एक पेढी बुडाली. सावकाराला दुकान चालवायचे नव्हते. लढाईच्या काळात धान्य आणि रॉकेलवर नियंत्रण आले तेव्हा इथे काही वर्षे रेशनचे दुकान होते. नंतर सावकाराकडून शेठांनी जागा विकत घेतली.

१९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीने हद्दीपलीकडची अनेक कुटुंबे बार्शीला आली. त्यांत एक सोनार होते. शेठांनी त्यांना गाळा भाड्याने दिला. सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईनंतर बरेच लोक परत गेले, सोनार मात्र इथेच राहिले. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीपासून मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा अमलात आला होता. भाडे एकदा ठरले ते ठरले. शेठांना वाढवता येईना आणि सोनारांना काढताही येईना.

त्यांना काढले ते दिल्लीच्या हुकमाने. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. चौदा कॅरटचे मंगळसूत्र कोण घेणार? देशभर हजारो सोनारांच्या शेगड्या विझल्या, त्यांत ही एक. ती अट १९६६ मध्ये उठली, पण तोवर सोनारांचा मुलगा गिरणीत लागला होता.

रिकामा गाळा माझ्या वडिलांनी, अण्णांनी घेतला. भाडे दोन आकडी, पण आत शिरण्यासाठी पागडी. मालकाने पागडी घेणे हा त्या कायद्याने गुन्हा होता, म्हणून तिची पावती नाही. त्या रकमेसाठी आईच्या पाटल्या मोडल्या. त्या सोनारांनीच तोलून दिल्या आणि आपली मजुरी घेतली नाही, असे आई सांगायची.

आता आपल्या काळाविषयी. दुकानाला नऊ फळ्यांचे दार होते आणि फळ्यांवर खडूने नव्हे, तापल्या सळईने आकडे डागलेले होते. क्रम चुकला की दार लागत नसे. शाळा सुटल्यावर फळ्या लावायला मदत केली की अण्णा एक पेपरमिंट देत. शाईच्या पुड्या, टाकाची निबे, खाकी कव्हरे, नकाशाचे कोरे कागद. पण खरी कमाई जुन्या पुस्तकांची. वरच्या वर्गाची पुस्तके मे महिन्यात घ्यायची, फाटकी शिवून, खळ लावून बांधायची आणि जूनमध्ये अर्ध्या किमतीत विकायची. दहावीची पहिली शालान्त परीक्षा आपण १९७५ मध्ये दिली. त्या नव्या आकृतिबंधाची पुस्तके आपल्या तुकडीबरोबर वर्ग चढत होती, त्यामुळे आपल्यापुढे कुणाची जुनी पुस्तके नव्हतीच. आपल्याला कोऱ्या पुस्तकांचा वास मिळाला आणि दुकानात जुन्यांची चळत पडून राहिली. तीच दुष्काळाचीही वर्षे. १९७२ मध्ये निम्म्या वर्गाचे पालक खडी फोडायला जात होते, घरात लाल मिलोच्या भाकरी होत्या. वह्या उधारीवर गेल्या.

शेठांचा मुलगा माझ्याच बाकावर बसायचा. आमचे डबे एकत्र असत. शाळा संपल्यावर काही वर्षांनी शेठांनी भाडे घेणे बंद केले. अण्णा दर महिन्याला मनीऑर्डर करत आणि ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत येई. मग जागेची स्वतःला गरज असल्याचा दावा लागला. तारखा पडत गेल्या. अण्णा थकले आणि थोडी रक्कम घेऊन तडजोडीने गाळा सोडला. पागडीचा विषय कोर्टात निघालाच नाही. पावती कुठे होती? आम्ही दोघे मित्र त्यानंतर लग्नकार्यात समोरासमोर आलो तरी नजर टाळत असू.

गाळ्यात नंतर पिवळा एसटीडीचा फलक आला. रात्री दर उतरले की पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांशी बोलायला आईबापांची रांग लागायची. मग मोबाइल आले आणि त्याच खोलीत रिचार्ज विकले जाऊ लागले. २००८ मध्ये आपली छोटी रेल्वे रुंद झाली. पुढे रिचार्जही फोनवरच होऊ लागला आणि गाळ्याला कुलूप लागले.

हा लेख लिहायचा म्हणून मी इतक्या वर्षांनी त्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, “घरी ये.” मी अण्णांच्या ट्रंकेतल्या परत आलेल्या मनीऑर्डरी घेऊन गेलो. त्याने शेठांची पेटी उघडली. तिच्यात घरपट्टीच्या पावत्या होत्या. शेवटच्या वर्षांत घरपट्टी भाड्याहून जास्त झाली होती. माळवद गळत होते, शेठांच्या तिघी बहिणी वाटणी मागत होत्या. हे मला कधीच माहीत नव्हते. मग तो म्हणाला, “तुझ्या अण्णांकडून पागडी घेतली होती. वडिलांनी आईला सांगितलं होतं. कोर्टात मात्र ते गप्प राहिले.” हे छापू का, असे मी विचारले. “छाप, माझं नाव तेवढं घालू नकोस,” म्हणाला.

मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीची रक्कम घेणे वैध केले. आमच्या घरात ज्या पैशांविषयी कुजबुजत बोलत, त्यांची आज पावती मिळाली असती. कोण खरा आणि कोण खोटा, हे मी पूर्वी ठामपणे सांगत असे. आता एवढेच म्हणतो की गोठलेल्या भाड्याने शेठांना कोंडले आणि न मिळालेल्या पावतीने अण्णांना. मित्राने ते मान्य केले ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. अण्णा ऐकायला हवे होते.

मित्रहो, तुमच्या घरीही जुनी बिले, भाडेपावत्या, दुकानापुढचे फोटो असतील तर रद्दीत घालू नका, मेळाव्याला घेऊन या. गाळ्याच्या नऊ फळ्या मित्राने शाळेला द्यायचे कबूल केले आहे. मी अण्णांची उधारीची वही आणणार आहे. घाबरू नका. १९७२ च्या पानांवर त्यांनी स्वतःच आडवी रेघ मारून ठेवली आहे.