आर्डुइनोला मोटर थेट जोडू नका, बोर्ड जळेल. मग जोडायची कशी? वाचा सविस्तर

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात आता खेड्यातली पोरंही आर्डुइनो बोर्ड घेऊन येतात. माती सुकली की पाणी सोडणारा छोटा पंप, आपोआप उघडणारी कचरापेटी, मोबाईलवर चालणारी गाडी, असं बरंच काही असतं. पण एलईडी लागतो आणि मोटर फिरत नाही, इथं घोडं अडतं. कधी बोर्डच जातो. माझ्या पुतण्याचा गेला, तेव्हा 'मला हे जमणारं नाही' म्हणून त्याने सगळं गुंडाळून ठेवलं होतं. प्रोग्राम त्याचा बरोबर होता, चूक जोडणीत होती. म्हणून ही माहिती.

बोर्ड हुकूम देतो, ताकद नाही

शेतातला पंप आठवा. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं म्हणजे पंपाचा सगळा करंट त्या बटणातून जात नाही. बटणामुळे फक्त कॉइलला वीज मिळते, कॉइल कॉन्टॅक्टर ओढते आणि मोठा करंट त्या कॉन्टॅक्टरमधून पंपाला जातो. आर्डुइनोची पिन म्हणजे नुसतं बटण. मोटरला वीज दुसरीकडून द्यायची आणि मध्ये 'कॉन्टॅक्टर' बसवायचा.

आर्डुइनो उनोच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरपर्यंतच करंट घ्यावा. ४० ही चिपची शेवटची मर्यादा आहे, आणि सगळ्या पिना मिळून २००. आता मोटरचं बघा. मल्टिमीटरने मोटरच्या दोन टोकांमधला ओहम मोजा आणि बॅटरीच्या व्होल्टला त्याने भागा. ६ व्होल्ट आणि ६ ओहम असतील तर मोटर सुरू होताना किंवा अडकल्यावर १ अँपिअर ओढणार. म्हणजे पिनेच्या ५० पट! बोअरची मोटर जाम झाली की अँपिअर वाढतात, तसंच हे.

एकाच बाजूला फिरणारी मोटर

सामान: टीआयपी १२२ ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टर, १एन४००७ डायोड आणि ४ पेन्सिल सेलचा होल्डर (६ व्होल्ट).

१. ट्रान्झिस्टरची छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर.
२. बोर्डाची ९ नंबरची पिन रेझिस्टरमधून बेसला.
३. बॅटरीचा पॉझिटिव्ह मोटरच्या एका टोकाला, मोटरचं दुसरं टोक कलेक्टरला.
४. एमिटर बॅटरीच्या निगेटिव्हला.
५. बॅटरीचा निगेटिव्ह बोर्डाच्या 'ग्राउंड' पिनेलाही जोडायचा. इथं हमखास चूक होते. दोन्हीचा निगेटिव्ह एक नसेल तर पिनेचा हुकूम ट्रान्झिस्टरला कळतच नाही.
६. डायोड मोटरच्या दोन टोकांवर आडवा. चंदेरी पट्टी पॉझिटिव्हकडे.

डायोड विसरू नका. मोटर बंद होताना तिच्या वाइंडिंगमधून उलटा झटका येतो. डायोड तो पचवतो, नाहीतर ट्रान्झिस्टर जातो. ९ नंबरच्या पिनेवरून मोटरचा वेगही कमी-जास्त करता येतो.

पुढे-मागे फिरणारी गाडी

यासाठी एल२९८एन नावाचं तयार ड्रायव्हर मोड्यूल मिळतं, त्यावर दोन मोटरी चालतात. एका मोटरला बोर्डाच्या दोन पिना लागतात. पहिली चालू, दुसरी बंद असेल तर मोटर एका बाजूला फिरते, उलट केलं की दुसऱ्या बाजूला. मोड्यूलचा ग्राउंडही बोर्डाच्या ग्राउंडला जोडायचा. हे मोड्यूल स्वतः साधारण २ व्होल्ट खातं. म्हणून ६ व्होल्टची बॅटरी दिली तर मोटरला ४ च्या आसपासच मिळतात आणि गाडी मरगळल्यासारखी चालते.

बॅटरी कोणती?

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरीसाठी घेऊ नका. व्होल्ट दिसतात, पण करंट देताना ती बसते. दोन १८६५० लिथियम सेल एकापुढे एक जोडले की ७.४ व्होल्ट मिळतात, गाडीला ते चांगले. मात्र हे सेल त्यांच्याच चार्जरवर चार्ज करा. त्यांची टोकं एकमेकांना चिकटली तर आग लागू शकते.

एसजी ९० सारख्या छोट्या सर्वो मोटरीला ड्रायव्हर लागत नाही, तिच्या आतच तो असतो. नारिंगी वायर पिनेला, तपकिरी ग्राउंडला आणि लाल ५ व्होल्टला. एकच सर्वो आणि वजन नसेल तर बोर्डाच्या ५ व्होल्टवर भागतं. दोन झाल्या की त्यांना वेगळी बॅटरी द्या, निगेटिव्ह मात्र एकच ठेवा.

बिघाड कसा ओळखायचा?

- मोटर सुरू होताच बोर्ड बंद होऊन पुन्हा चालू होतो: दोघांना एकाच कमजोर बॅटरीवर ठेवलंय. मोटरची बॅटरी वेगळी करा.
- मोटर नुसती गुणगुणते: सेल उतरलेत किंवा चाक अडकलंय.
- मोटर हलतच नाही: आधी ग्राउंडची वायर बघा.
- ड्रायव्हर हात लावू नये इतका तापतो: मोटर त्याच्या ताकदीपेक्षा मोठी आहे. लगेच बंद करा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. ही सगळी जोडणी सेलवरच्या छोट्या मोटरींसाठी आहे. घरातली २३० व्होल्टची लाईन किंवा शेतातला थ्री फेज पंप पोरांनी या बोर्डाला जोडायचा नाही. ते काम जाणत्या वायरमनचं. सेलवर मात्र पोरांना बिनधास्त करू द्या. पहिल्यांदा मोटर फिरली नाही तर रागावू नका, ग्राउंडची वायर बघायला सांगा.