थांबू की पाठवू : ‘गो’च्या एका सेटिंगची कुळकथा
जानेवारी 1984 मध्ये जॉन नेगल यांचं ‘आरएफसी 896’ हे टिपण निघालं. नेगल तेव्हा फोर्ड एरोस्पेसमध्ये होते. दूरच्या संगणकावर टेलनेटने काम करताना एक कळ दाबली की 1 बाइट निघे आणि त्याच्यासोबत हेडरचे 40 बाइट. ही भर चार हजार टक्के होते, असं त्यांनी मांडलं. निपाणीहून एकेक विडी वेगळ्या खोक्यात भरून धाडावी, तसा हा खर्च. उपाय साधाच होता: आधीच्या पॅकेटची पोच येईपर्यंत बारीकसारीक मजकूर साठवायचा, मग एकदम पाठवायचा.

त्याच काळात बर्कलेच्या मंडळींनी पोचच थोडी उशिरा द्यायची सोय केली. तो उशीर 200 मिलिसेकंदांपर्यंत जाई. दोन्ही कल्पना चांगल्या, पण एकत्र आल्या की अडकतात. पाठवणारा पोचेसाठी थांबतो आणि घेणारा पुढच्या मजकुरासाठी. म्हणून नेगलचा नियम बंद करणारा ‘टीसीपी नोडिले’ हा पर्याय आला. तो मागावा लागे. न मागितल्यास नियम चालूच.

2009 मध्ये जगापुढे आलेल्या ‘गो’ भाषेच्या प्रमाण लायब्ररीने हे उलटं केलं. तिथे टीसीपी जोडणी उघडली की नियम आपोआप बंद होतो. पायथनच्या ‘असिंकआयओ’नेही 3.6 आवृत्तीपासून तेच धरलं. मला हा निर्णय पटतो. सर्व्हरने सर्व्हरशी बोलताना विनाकारण ताटकळणं कुणालाच परवडत नाही.

पण त्यामुळे साठवण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरवर आली, आणि हे शिकवलं जायला हवं. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे. या भागातली किती मुलं त्याच्या कॉलेजांतून सॉफ्टवेअरकडे वळतात! निपाणी-कागल पट्ट्यात कर्नाटक आणि महाराष्ट्राची दूरसंचार मंडळं एकमेकांना खेटून आहेत. तिथे धावत्या एसटीत, सिग्नल क्षीण असताना, फोनवरचं ॲप दहा-वीस बाइटांचे तुकडे सुटे सुटे लिहू लागलं, तर जवळपास प्रत्येकाचं वेगळं पॅकेट होतं. हरवलेलं प्रत्येक पॅकेट पुन्हा पाठवावं लागतं.

‘गो’मध्ये यासाठी ‘बफआयओ’ आहे. त्याचा रायटर, वेगळं सांगितलं नाही तर, 4096 बाइट साठवतो. लिहून झाल्यावर ‘फ्लश’ मात्र आठवणीने करावं. नाहीतर उरलेला मजकूर निघतच नाही.