धिंड : नायगाव १८६८ ते आज

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. तेथून जवळच, त्याच खंडाळा तालुक्यात, नायगाव आहे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी तेथे झाला. याच नायगावाहून २९ ऑगस्ट १८६८ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेले एक पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात वाचावयास मिळते. जातीबाहेरच्या प्रेमाचा दस्तऐवज म्हणून ते वर्गात शिकवले जाते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही ते दुसऱ्या एका प्रश्नासाठी उघडत आहोत. कोवळ्या वयाच्या मुलामुलींच्या खासगी प्रतिमा पसरवून त्यांना उद्ध्वस्त करण्याचा जो प्रकार आपल्या काळात सुरू आहे, त्याचा पूर्वेतिहास या पत्रात सापडतो, असे आम्हाला वाटते.

पत्रातील हकिगत थोडक्यात अशी. पंचांग सांगत गावोगाव हिंडणारा गणेश हा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार समाजातील मुलगी यांचे प्रेम जमले. ती सहा महिन्यांची गरोदर असल्याचे उघडकीस येताच गावकऱ्यांनी दोघांना पकडले, गावातून त्यांची धिंड काढली आणि त्यांना ठार मारण्याचा बेत केला. ही बातमी कानी पडताच सावित्रीबाई धावून गेल्या. खून केल्यास इंग्रज सरकारचा कायदा काय करील, याचे भय त्यांनी जमावाला घातले. भारतीय दंड संहिता लागू होऊन तेव्हा सहाच वर्षे झाली होती. जमाव वरमला, पण दोघांनी गाव सोडावे, असे सदूभाऊंनी बजावले आणि त्यांनी ते मान्य केले. सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले.

धिंड हा शब्द येथे नीट पाहावा. धिंडीत मारहाण असेलच असे नाही. तिचे मुख्य हत्यार म्हणजे दाखवणे. दोन माणसांमधली खासगी गोष्ट चव्हाट्यावर आणायची आणि बघ्यांच्या नजरेने शिक्षा द्यायची. मोबाइलच्या पडद्यावर आज हेच घडते. विश्वासाने पाठवलेले छायाचित्र विश्वासघाताने पसरवले जाते. अनोळखी व्यक्ती गोड बोलून चित्रफीत मिळवते आणि पैशांसाठी धमकावते, ज्यात मुलगेही मोठ्या संख्येने सापडतात. किंवा यंत्राच्या साहाय्याने कोणाचाही चेहरा परक्या देहावर चढवला जातो. या शेवटच्या प्रकारात तर त्या मुलीने काहीच केलेले नसते, तरी लाज तिच्याच वाट्याला येते. लाजेचा संबंध वर्तनाशी नसून बघ्यांच्या सत्तेशी आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता?

फरक आहे तो सीमेचा. नायगावच्या धिंडीला वेस होती, बघ्यांना चेहरे होते आणि पुणे नावाचे दुसरे ठिकाण होते. पडद्यावरच्या धिंडीला वेस नाही. आपल्याला कोणी पाहिले, कोण पाहणार आहे, हे पीडिताला कळत नाही. पुसलेली प्रतिमा पुन्हा उगवू शकते. झोप उडणे, अभ्यासातून मन उडणे, माणसे टाळणे, प्रत्येक हसण्यात आपलाच उल्लेख ऐकू येणे, जगणे नकोसे वाटणे, या अवस्था दुबळ्या मनाच्या खुणा म्हणून पाहता येणार नाहीत. न संपणाऱ्या धिंडीत सापडलेल्या माणसाची ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे.

मधला एक टप्पाही विसरता कामा नये. १९९४ मध्ये जळगावचे प्रकरण उघडकीस आले. तरुण मुलींची छायाचित्रे व चित्रफिती यांच्या धाकावर त्यांचे शोषण झाल्याचे तपासात पुढे आले. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हते. नुसत्या छायाचित्राची धमकी पुरेशी होती. बदनामीच्या भीतीने अनेकींनी साक्ष देण्याचे टाळले. गुन्हेगाराची खरी ताकद कॅमेऱ्यात नव्हती. मुलगी घरी सांगू शकणार नाही, या खात्रीत होती.

कायद्याला हे समजायला वेळ लागला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६७ अश्लीलतेविषयी बोलत होते, म्हणजे समाजाच्या नीतीला बसणाऱ्या धक्क्याविषयी. २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-ई आले आणि खासगीपणाचा भंग हा गुन्हा ठरला. २०१३ मध्ये दंड संहितेत आलेल्या कलम ३५४-सी च्या स्पष्टीकरणाने तर असे सांगितले, की स्त्रीने चित्रणाला संमती दिली असली, तरी प्रसाराला दिली नसेल, तर प्रसार हा गुन्हाच होय. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोगच टाळण्यास सांगितले. जे शोषण आहे त्याला शोषणच म्हणावे, असा त्याचा आशय. भाषा शिकवणाऱ्यांनी तरी या शब्दबदलाचे मोल जाणावे. दोष प्रेमाचा की धिंडीचा, या प्रश्नाचे उत्तर सावित्रीबाईंनी १८६८ मध्येच कृतीने दिले होते.

तरीही त्यांच्या यशाची मर्यादा नजरेआड करू नये. दोघांचे प्राण वाचले, गाव मात्र सुटले. सदूभाऊंचा तोडगा आजही आपल्या घरांत आणि शाळांत जिवंत आहे: मुलीचा फोन काढून घ्या, शाळा सोडवा, लवकर लग्न उरका. चित्र पसरवणारे त्याच बाकावर बसून राहतात. आपण वर्गात सावित्रीबाईंचे पत्र शिकवतो आणि शिक्षकांच्या खोलीत सदूभाऊंचा निर्णय देतो, हे आपल्याला खुपले पाहिजे.

सावित्रीबाईंनी जे केले ते साधे होते. त्या तत्काळ गेल्या, कायदा सांगितला आणि जाण्यासाठी एक दार उघडे ठेवले. शारजाकडून खुलासा मागत बसल्याचे पत्रात कोठेही दिसत नाही. मुलांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठी १९३० आणि मनाच्या आधारासाठी १४४१६ हे क्रमांक आज उपलब्ध आहेत. पण बहुतेक मुले प्रथम एखाद्या ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहतात. उद्या आपल्या वर्गातली एखादी मुलगी वही पुढे करून घुटमळली, तर तिला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे आपण आजच ठरवून ठेवावे. ‘तू असे का केलेस?’ हा तो प्रश्न नसावा.