पडद्यावर नाव नसलेला निर्माता

१४ सप्टेंबर १९३६. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचे निर्माते आयर्व्हिंग थॅलबर्ग यांचे न्यूमोनियाने निधन झाले. वय अवघे ३७.

ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या थॅलबर्ग यांचे हृदय जन्मतःच कमकुवत. आजारपणात अंथरुणाला खिळून त्यांनी पुस्तकांचा फडशा पाडला, आणि पुढे चित्रपटांच्या कथा निवडताना ते वाचन कामी आले. विशीतच युनिव्हर्सल स्टुडिओची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९२२ मध्ये एरिक फॉन स्ट्रोहाइम या बड्या दिग्दर्शकाला त्यांनी चित्रीकरण चालू असतानाच काढून टाकले. अखेरचा शब्द आता निर्मात्याचा, हे हॉलिवूडला त्या वेळी कळून चुकले.

१९२४ पासून ते एमजीएममध्ये होते. चित्रपट आधी प्रेक्षकांना दाखवायचा, ते कुठे चुळबुळतात ते पाहायचे आणि तेवढे प्रसंग पुन्हा चित्रित करायचे, ही त्यांची रीत. मार्क्स बंधूंच्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’मधील प्रसंग तर चित्रीकरणाआधी गावोगावी रंगमंचावर करून पाहिले, कोणत्या विनोदाला किती हशा मिळतो, ते मोजले. ‘ग्रँड हॉटेल’ आणि ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ यांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. स्ट्रोहाइम यांच्या ‘ग्रीड’वर मात्र त्यांच्याच कारकिर्दीत निर्दयपणे कात्री चालली. ते नुकसान कधीच भरून निघाले नाही.

हयात असेतो त्यांनी श्रेयनामावलीत स्वतःचे नाव येऊ दिले नाही. ते प्रथम झळकले १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मध्ये, अर्पणपत्रिकेत.