फणी

आमचं घर बांद्याचं, तेरेखोल नदीच्या काठचं. गोव्याची पत्रादेवीची हद्द तिथून पायी जाण्यासारखी. १९५५च्या पावसाळ्यात सत्याग्रही याच वाटेनं पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात शिरत. पोर्तुगीज पोलीस त्यांना झोडपून पुन्हा हद्दीबाहेर आणून टाकत. आजी तेव्हा ऐन तिशीत होती. पडवीत चुलाण पेटवून पेज आणि ऊन पाणी, एवढंच तिच्या हाती होतं.

त्या सत्याग्रहींत एक देशावरची बाई होती. तिचं नाव आजीनं कधी विचारलं नाही. "घंटाभर तोंडातसून शब्द नाय," आजी सांगायची. "मगे म्हणाली, आई, फणी आहे का?" आजीनं तिला समोर बसवलं आणि फणी हळूच फिरवली, तर फणीबरोबर केसांचा झुबकाच हाती आला. केसांना धरून ओढलं होतं. हे सांगताना आजी दरवेळी आपला अंबाडा चाचपायची.

ही बाई निदान परत आली. ज्या आत, तिथल्या तुरुंगात राहिल्या, त्यांचा घोर आजीला जास्त. त्याच वर्षी ६ एप्रिलला म्हापशात गोवा नॅशनल काँग्रेसचं अधिवेशन झालं. सुधाताई जोशी अध्यक्ष. म्हापशाच्या भर वस्तीत त्या भाषणाला उभ्या राहिल्या आणि पकडल्या गेल्या. लेखक महादेवशास्त्री जोशींच्या त्या पत्नी. शास्त्रीबुवा मूळचे सत्तरीतल्या आंबेड्याचे, संसार पुण्यात. आजीच्या तोंडी मात्र त्या "शास्त्रीबुवांची सुदा", जणू शेजारघरचीच. मित्रा काकोडकर, पुढच्या मित्रा बीर, यांना बाविसाव्या वर्षी १२ वर्षांची शिक्षा झाली. हा आकडा आजीला पाठ होता. "बारा वर्सां म्हंजे चेडवाचा अख्खा आयुष्य," ती म्हणायची.

आजीचा प्रश्न साधा होता: "बायलमाणसाक थंय कोण इचारता?" मोठेपणी मी त्याचं उत्तर शोधू लागलो, तेव्हा कळलं की विचारण्याची सोयच मोडली होती. भारतानं लिस्बनची वकिलात १९५३ मध्येच बंद केली होती. पणजीत कॉन्सुलेट होतं, तेही १ सप्टेंबर १९५५ला बंद झालं. त्यानंतर गोव्यातल्या भारतीयांचं हित पाहण्याचं काम इजिप्तकडे आलं आणि भारतातलं पोर्तुगालचं काम ब्राझीलकडे. बांद्याहून जिथं कोंबड्याची बांग ऐकू जावी, तिथल्या तुरुंगातल्या बाईची खुशाली दिल्लीला तिसऱ्या देशामार्फत विचारावी लागत होती.

मला मात्र त्या लांब फेऱ्याहून दुसरी गोष्ट अधिक लागते. पोर्तुगालनं १९५१ मध्ये आपल्या घटनेत वसाहतींना 'समुद्रापारचे प्रांत' ठरवून टाकलं होतं. म्हणजे गोव्यात जन्मलेली बाई त्यांच्या लेखी पोर्तुगालची प्रजा, आणि तिला तुरुंगात कसं वागवायचं तो त्यांचा घरचा मामला. परक्या देशाची चिंता चालायची ती आपल्या नागरिकापुरती. पुण्याहून गेलेल्या सत्याग्रहीसाठी दिल्ली हक्कानं बोलू शकत होती. मडगावच्या तुरुंगातल्या गोवेकर मुलीसाठी बोलायला गेलं की आधी प्रश्न यायचा, ती तुमची कोण? १९५७च्या फेब्रुवारीत नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये हे सत्याग्रही गोव्याच्या तुरुंगातून सुटून आले. पुण्यात हारतुरे झाले, आणि व्हायलाच हवे होते. पण सुधाताई आतच होत्या. त्या इकडच्या की तिकडच्या, हे ठरवायला दोन सरकारं होती. त्यांना नीट झोप लागते का, हे विचारायला कोणी नव्हतं.

आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. घटना नाही, प्रांत नाही. तिच्या पडवीत आलेल्या बाईला तिनं ती कुठली हे विचारलं ते पेज पाजून झाल्यावर, तेही पोचवायला कुठवर माणूस द्यायचा हे कळावं म्हणून. मला हा क्रमच बरोबर वाटतो.

त्या बाईला एसटीत बसवून दिलं तेव्हा आजीनं ती फणी तिच्याच हातात ठेवली. शिंगाची, आजीच्या माहेरची. नंतर बाजाराच्या दिवशी तिनं दोन फण्या घेतल्या. एक स्वतःला. दुसरी कागदात गुंडाळून देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवली, आत असलेल्यांपैकी कोणी या वाटेनं आलीच तर म्हणून. १९ डिसेंबर १९६१ला गोवा सुटल्याची बातमी आली, तेव्हाही ती फणी तिथंच होती. बाकीचे रस्त्यावर धावले. आजी आधी फडताळाशी गेली.