दहा लाख तासांचे आश्वासन

कुंभकोणमला वाढलेले श्रीनिवास रामानुजन पाटीवर आकडेमोड करीत, कोपराने ती पुशीत आणि निष्कर्ष तेवढे वहीत उतरवीत; कागद परवडत नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1957 मध्ये त्या वह्यांच्या छायाप्रती दोन खंडांत छापल्या. पुढे 125 व्या जयंतीच्या सुमारास संगणकीय प्रतिमांवरून नवी आवृत्ती निघाली. प्रतिमा आल्या तशी हार्ड डिस्क आली, आणि तिच्या भरवशाचा प्रश्नही.

उत्पादकांच्या पत्रकात बिघाडापूर्वीचा सरासरी काळ दहा लाख तास, म्हणजे सुमारे 114 वर्षे असतो. (पहिली हार्ड डिस्कच 1956 ची!) हे एका डिस्कचे आयुष्य नव्हे, अनेक डिस्क थोडा काळ चालवून बांधलेले ते अनुमान. 2007 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. पत्रकांप्रमाणे वर्षाला फार तर 0.88 टक्के डिस्क निकामी व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात 2 ते 4 टक्के सर्रास, क्वचित 13 टक्क्यांपर्यंत बदलाव्या लागल्या. त्याच वर्षी गूगलच्या अभ्यासात बिघडलेल्यांपैकी 36 टक्क्यांहून अधिक डिस्कच्या स्वयंतपासणीत, तापमान वगळता, एकही इशारा आढळला नाही.

रामानुजन यांच्या मूळ वह्या मद्रास विद्यापीठात कागदावरच आहेत.